चौधारी घेवडा: वेल मांडवभर, पण शेंग एकही नाही? बी घासण्यापासून शेंगा तोडेपर्यंत सगळं क्रमाने

चौधारी घेवडा म्हणजे चार पंखांसारख्या धारा असलेल्या शेंगांचा वेल (विंग्ड बीन), त्याबद्दल मला सारखे तेच तीन प्रश्न येतात. बी रुजतच नाही. रुजलं तर वेल मांडव भरून टाकतो पण फूल येत नाही. आणि फूल आलंच तर शेंगा चामड्यासारख्या चिवट निघतात. तिन्हीचं उत्तर खतात किंवा औषधात नाहीये, बहुतेक वेळा चूक झालेली असते ती बी मातीत जायच्या आधी, नाहीतर कामं मागंपुढं केल्यामुळे. म्हणून खाली जो क्रम दिलाय तो तसाच ठेवा, मधली पायरी गाळू नका.

१. आधी तारीख ठरवा, बी नंतर आणा

ही पायरी जवळजवळ सगळे सोडून देतात आणि नंतर चार महिने वेलाकडे बघत बसतात. चौधारी घेवडा दिवसाची लांबी ओळखतो. दिवस साधारण १२ तासांचा किंवा त्याहून लहान झाला, म्हणजेच रात्र लांबली, की मग तो कळ्या धरायला लागतो. दिवस मोठा असेपर्यंत तुम्ही कितीही खत घाला, पाणी घाला, तो फक्त पानं आणि फांद्या वाढवत राहणार. त्यात त्याची काही चूक नाही, त्याचा स्वभावच तो आहे.

म्हणून कॅलेंडर घ्या आणि उलटं मोजा. विषुववृत्ताच्या उत्तरेला राहत असाल तर २२-२३ सप्टेंबरच्या आसपास दिवस आणि रात्र सारखे होतात, तिथून दिवस लहान होत जातो. दक्षिणेला राहत असाल तर हेच २०-२१ मार्चच्या आसपास होतं. त्या तारखेच्या दोन ते तीन महिने आधी बी मातीत पाहिजे. म्हणजे उत्तरेला जूनचा मध्य ते जुलैचा मध्य, दक्षिणेला डिसेंबरचा मध्य ते जानेवारीचा मध्य. एवढ्या काळात वेल मांडवावर पोचतो, मुळं बसतात, आणि दिवस लहान झाला की अंगात दम असलेल्या वेलाला फुलं येतात. अगदी विषुववृत्ताजवळ दिवस वर्षभर १२ तासांच्याच आसपास असतो, तिथे तारखेचं एवढं टेन्शन नाही.

लवकर पेरलं तर काय होतं? उत्तरेकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये बी लावलं की वेल सप्टेंबरपर्यंत नुसता पसरत राहतो, आधार मोडतो, खालची पानं एकमेकांच्या सावलीत पिवळी पडतात आणि लोक कंटाळून वेल उपटून टाकतात, नेमका फुलं यायच्या दोन आठवडे आधी. उशिरा पेरलं तर उलट होतं. दिवस आधीच लहान असतात, त्यामुळे गुडघाभर रोपालाच कळ्या येतात, त्यात थंडी येते आणि चार शेंगांवर खेळ संपतो.

दुसरी अट तापमानाची. दिवस लहान असला तरी तापमान ३२ अंशांच्या वर किंवा १८ अंशांच्या खाली सतत राहिलं तर फुलं अडतात. म्हणून जिथे दिवस लहान होईपर्यंत कडक थंडी येते तिथे उघड्यावर हा वेल शेंगांपर्यंत पोचत नाही. अशा ठिकाणी दिवसाच्या लांबीचा फारसा फरक न पडणारी जात शोधा, जपानमध्ये तयार केलेली 'उरिझुन' ही त्यातली एक. धुकं-दव चालतं, पण पाणी गोठवणारी थंडी या वेलाला एका रात्रीत संपवते.

तपासून बघा: मोबाइलवर सूर्योदय आणि सूर्यास्ताची वेळ दिसते. मधले तास मोजा आणि बी लावायच्या दिवशीच वहीत लिहून ठेवा, म्हणजे पुढे "फुलं का नाहीत" हा प्रश्न पडला की अंदाज करत बसावं लागणार नाही.

२. बी घासा, मग भिजवा. उलट नाही

याचं बी गोल, गुळगुळीत, चकचकीत असतं, पिवळट पांढरं, तपकिरी किंवा काळपट. वरचं टरफल इतकं घट्ट की पाणी आत शिरत नाही. नुसतं रात्रभर भिजवून लावलं तर काही बिया आठवड्यात येतात, काही महिन्याने, काही तशाच दगडासारख्या पडून राहतात. लोकांना वाटतं बी खराब निघालं. बऱ्याचदा बी चांगलंच असतं, त्याला फक्त पाणी मिळालेलं नसतं.

बीचा 'डोळा' शोधा, म्हणजे शेंगेला चिकटलेली ती छोटी खूण. अंकुर तिथून येतो, तिथे हात लावायचा नाही. त्याच्या विरुद्ध बाजूला पॉलिश पेपरवर बी घासा किंवा नेलकटरने टरफलाचा अगदी छोटासा कपचा काढा. वरचा रंग जाऊन आतला फिका भाग टाचणीच्या डोक्याएवढा दिसला की थांबा. आणखी खोल गेलात तर आतली डाळ दुखावते आणि मातीत बी कुजतं.

मग कोमट पाण्यात १२ तास ठेवा, जास्तीत जास्त २४. आता खरी तपासणी. चांगलं घासलेलं बी फुगून मोठं होतं आणि टरफल मऊ पडतं. जे बी जसंच्या तसं छोटं आणि टणक राहिलंय ते बाजूला काढा, पुसा, पुन्हा घासा, पुन्हा भिजवा. फुगलेलं आणि न फुगलेलं बी एकत्र लावू नका, नाहीतर एक रोप वीतभर झालेलं असतं तेव्हा दुसरं नुकतं डोकं काढतं आणि मोठं रोप लहान्याला झाकून टाकतं.

सावधान: २४ तासांच्या पुढे पाण्यात ठेवलेल्या बीला हवा मिळत नाही, ते आंबतं. पाण्याला वास यायला लागला तर ते पाणी फेका आणि बी लगेच मातीत लावा.

३. जागा आणि माती

दिवसातून किमान ६ ते ८ तास थेट ऊन पाहिजे. अर्ध्या सावलीत वेल जगतो, पण शेंगा मनासारख्या येत नाहीत.

अजून एक गोष्ट जी कुणाच्या डोक्यात येत नाही ती म्हणजे रात्रीचा उजेड. गेटवरचा दिवा किंवा रस्त्यावरचा मोठा लाइट थेट वेलावर रात्रभर पडत असेल तर वेलासाठी रात्र झालीच नाही, त्याला अजून दिवस मोठाच वाटतो. बाल्कनीत लावणाऱ्यांनी हे आधी बघा. रात्री १० वाजता त्या जागी उभे राहा, उजेड सरळ पानावर पडतोय का बघा, पडत असेल तर जागा बदला किंवा दिवा झाका.

माती भुसभुशीत आणि पाणी निचरणारी. पाणी साचलेलं या वेलाला अजिबात चालत नाही. फूटभर खोल खड्डा घ्या, पाण्याने भरा, ते जिरलं की पुन्हा भरा. दुसऱ्या वेळचं पाणी तीन-चार तासांत उतरलं नाही तर गादीवाफा करा, जमिनीपासून वीतभर उंच. किंचित आंबट ते उदासीन माती त्याला मानवते, सामू (pH) साधारण ५.५ ते ७.

जिथे आधी टोमॅटो, वांगी किंवा भेंडीच्या मुळांवर गाठी निघाल्या होत्या ती जागा सोडून द्या. त्या गाठी सूत्रकृमींच्या, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या अगदी बारीक किड्यांच्या असतात आणि चौधारी घेवडा त्यांना लवकर बळी पडतो. नंतर औषध शोधण्यापेक्षा आधी जागा बदलणं कितीतरी सोपं.

खड्डा फूट-दीड फूट खोल, त्यात एक घमेलं चांगलं कुजलेलं कंपोस्ट किंवा शेणखत मातीत मिसळायचं. बस. युरिया नाही, कोंबडीखत नाही, "जरा जोर यावा म्हणून" दुसरं काही नाही. हा वेल आपल्या मुळांवरच्या गाठींमधल्या जिवाणूंकडून हवेतला नत्र घेतो, आणि मातीत आयता नत्र मिळाला की तो गाठी करायचा आळस करतो आणि पानांचा डोंगर उभा करतो. जिथे चवळी किंवा घेवडा चांगला येत होता तिथली दोन मुठी माती खड्ड्यात टाकली तरी हे जिवाणू मिळतात, ती माती सूत्रकृमी नसलेल्या जागेची पाहिजे एवढंच. नसेल तर चवळी गटाचं रायझोबियम कल्चर, म्हणजे याच जिवाणूंचं तयार विरजण, भिजवलेल्या बियांना हलक्या हाताने चोळा, सावलीत अर्धा तास सुकवा आणि लगेच पेरा, उन्हात ठेवू नका.

कुंडीत लावायचं असेल तर निदान ४० लिटरची, खोल, आणि एका कुंडीत एकच वेल. छोट्या कुंडीत तीन-तीन वेल लावून रोज दोनदा पाणी घालत बसणारे मी खूप पाहिलेत, शेवटी तिन्ही उपाशीच राहतात.

४. मांडव पेरणीच्या आधी

वेल आल्यावर मांडव करू असं म्हणू नका. नंतर खांब रोवताना मुळं तुटतात, आणि जमिनीवर गुंतलेला वेल सोडवताना शेंडे मोडतात.

वेल ३-४ मीटर सहज जातो. मांडवाची उंची हात पोचेल एवढीच ठेवा, साधारण २ मीटर, कारण शेंगा दर दोन-तीन दिवसांनी तोडायच्या आहेत आणि वर राहिलेली प्रत्येक शेंग निबर होते. पावसात ओला झालेला भरगच्च वेल खूप जड असतो, त्यात वारा. खांब निदान दीड फूट जमिनीत पाहिजेत. खांब धरून पूर्ण जोर लावून हलवा, हलला तर आत्ताच पक्का करा.

या वेलाला काकडीसारखे तणावे नसतात, तो आधाराभोवती स्वतः पिळे घेत चढतो. त्यामुळे जाड गुळगुळीत पाइपवर तो घसरतो. सुतळी, काथ्या, बारीक बांबू किंवा नेट द्या. आणि शेंडा आधाराला लावताना तो ज्या बाजूने वळतोय त्याच बाजूने गुंडाळा. उलटा गुंडाळला की दुसऱ्या दिवशी सुटून लोंबकळतो आणि लोकांना वाटतं वाऱ्याने पडला.

५. पेरणी

शक्यतो थेट जागेवरच पेरा. मुळांना धक्का लागलेला याला आवडत नाही. रोप करायचंच असेल तर कागदी कपात करा आणि कपासकट लावा, दोन-तीन खऱ्या पानांच्या पुढे थांबू नका.

वाफसा असताना, म्हणजे माती ओलसर पण हाताला न चिकटणारी असताना पेरायचं, चिखलात नाही. खोली २ ते २.५ सेंटिमीटर. एका जागी दोन बिया, दोन जागांत निदान ६० सेंटिमीटर अंतर. पाणी हलकं द्या आणि मग वरची माती सुकायला लागेपर्यंत थांबा. माती २५ ते ३० अंश उबदार असेल आणि बी नीट फुगलेलं असेल तर ५ ते १० दिवसांत रोप दिसतं. थंड मातीत बी नुसतं पडून राहतं आणि कुजतं.

रोपं वीतभर झाली की दोघातलं कमजोर कात्रीने बुडाशी कापा, उपटू नका, शेजारच्याची मुळं हलतात. एकाच जागी दोन्ही ठेवायचा मोह होतो, मला माहितीये, पण ठेवू नका.

तपासून बघा: दोन आठवडे झाले तरी काही नाही तर बोटाने माती उकरून एक बी बघा. टणक असेल तर घासणं कमी पडलंय, काढा आणि पुन्हा घासा. लिबलिबीत असेल तर पाणी जास्त झालंय, नवं बी लावा.

६. पहिले पाच-सहा आठवडे: धीर धरा

इथे सगळ्यात जास्त वेल खत घालून बिघडवले जातात. सुरुवातीला हा वेल फार हळू वाढतो, महिना झाला तरी हातभर, पानं जरा फिकी. आपण घाबरतो आणि काहीतरी घालतो. घालू नका. तो या काळात खाली मुळं आणि गाठी करतोय.

करायचं काम एकच, तण काढणं. रोप हळू वाढतं आणि तण भराभर, त्यामुळे पहिल्या दीड महिन्यात तण राहिलं तर वेल मागे पडतो तो पडतोच. हाताने काढा, खुरप्याने खोल खणू नका, मुळं वरवर असतात. मग वाळलेल्या पाल्याचं आच्छादन टाका, खोडापासून चार बोटं दूर, चिकटून टाकलं तर बुडाशी ओल राहून खोड कुजतं. गोगलगायी आणि रात्रीच्या अळ्या कोवळे शेंडे कुरतडतात, रात्री बॅटरी घेऊन एक चक्कर मारा, हाताने वेचून काढा.

पाच आठवड्यांनी बुडाजवळची माती बोटाने हळूच बाजूला करा. मुळांवर गोल गाठी दिसतील. एक नखाने फोडा. आतून गुलाबी-लालसर असेल तर नत्राचं काम सुरू झालंय, आता खताचा विषयच नाही. आतून पांढरी असेल तर अजून आठवडा-दोन आठवडे थांबा. गाठीच नसतील आणि पानं पिवळी पडत चालली असतील तर ओंजळभर कंपोस्ट वरून द्या, इथे रासायनिक नत्र दिला की पुढचं सगळं गणित चुकतं. या जिवाणूंच्या गाठी मुळाच्या कडेला चिकटलेल्या असतात आणि सहज सुटतात, सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच सुजलेलं असतं, ती सुटत नाही. हा फरक ओळखायला शिका, चांगल्या गाठी बघून घाबरून वेल उपटलेले लोक आहेत.

त्यानंतर वेल अचानक पळतो. मांडवावर पोचला की मुख्य शेंडा एकदा खुडा, बाजूच्या फांद्या फुटतात आणि शेंगा जास्त जागी लागतात.

७. पाणी

सारखी ओल, पण चिखल नाही. बोट दोन पेरं मातीत घाला, कोरडं लागलं तर पाणी. दुपारच्या उन्हात पानं मान टाकतात ते चालतं, संध्याकाळी पुन्हा ताठ झाली नाहीत तर पाणी कमी पडतंय. फुलं लागल्यापासून शेंगा भरेपर्यंत माती एकदाही पूर्ण सुकू देऊ नका, एका कोरड्या पडलेल्या दिवसाने आठवड्याच्या कळ्या गळतात. पाणी बुडाशी द्यायचं, पानांवर नाही.

८. फुलं आलीच नाहीत तर

औषधाच्या बाटलीकडे जायच्या आधी हे एकेक करून तपासा, याच क्रमाने, कारण पहिलं कारणच बहुतेक वेळा खरं निघतं.

दिवस किती तासांचा आहे? १२ तासांपेक्षा बराच जास्त असेल तर थांबा, वेल ठणठणीत आहे. दिवस लहान झालाय तरी कळी नाही, मग रात्रीचा दिवा बघा. तोही नसेल तर तापमान. तेही ठीक असेल तर आठवा, नत्राचं काही घातलंय का, शेजारच्या झाडाला घातलेलं खत वाहून येतंय का. पानं मोठी, गडद हिरवी, आणि फांद्या बेसुमार असतील तर हेच कारण. मग सगळं खत बंद, आतल्या दाट फांद्यांपैकी काही कापून उजेड आत येऊ द्या. पोटॅशसाठी मूठभर लाकडाची राख बुडाभोवती पसरता येते, पण माती आधीच खारवट-चोपण असेल तर राख नको.

कळ्या येतात आणि गळतात ही वेगळी तक्रार आहे. तिथे पाणी, उष्णता आणि अळी ही तीन कारणं. फुलं सहसा स्वतःच फळतात, ब्रशने परागीकरण करत बसायची गरज नाही, फूल हाताळून उलट गळतं.

९. शेंगा तोडणं

फूल उमलल्यावर साधारण दोन आठवड्यांत शेंग तोडायची होते. लांबी बघून तोडू नका, जातीप्रमाणे लांबी बदलते, आणि शेंग पूर्ण लांब झाली तोवर ती आतून दोरेदार व्हायला लागलेली असते. शेंग वाकवा. कट्कन तुटली तर कोवळी. वाकून दुमडली आणि दोरा निघाला तर उशीर झालाय. चारही पंख मऊ आणि लवचिक पाहिजेत, आतल्या बियांचे फुगवटे बाहेरून दिसायला नकोत.

दर दोन-तीन दिवसांनी पूर्ण वेल पालथा घाला, पानांच्या मागे लपलेल्या शेंगा सोडू नका. चार शेंगा जरी वेलावर पिकत राहिल्या तरी वेलाचा जोर बियांकडे जातो आणि नवी फुलं कमी होतात. कात्रीने देठ कापा, ओढलं तर फांदीचा शेंडा हातात येतो. तोडलेल्या शेंगा लवकर वापरा, पंखांच्या कडा पटकन काळ्या पडतात आणि फार थंड जागी ठेवल्या तर अजून लवकर.

१०. कीड-रोग, थोडक्यात

मावा कोवळ्या शेंड्यांवर येतो, मुंग्यांची रांग दिसली की समजायचं. पाण्याचा जोराचा फवारा, दोन-तीन दिवस लागोपाठ, बहुतेक वेळा तेवढं पुरतं. नाहीच गेला तर कडुनिंबाचं तेल साबणाच्या पाण्यात, संध्याकाळी. फुलं एकमेकांना जाळ्याने चिकटलेली दिसली तर आत शेंगा पोखरणारी अळी आहे, ती फुलं तोडून नष्ट करा, अळी शेंगेत शिरल्यावर फवारणीचा फार उपयोग नाही. पानांवर आणि देठांवर नारिंगी बारीक फोड आले, पानं वेडीवाकडी झाली तर तो खोटा तांबेरा, ती फांदी कापून लांब टाका, वेल विरळ करा, ओल्या वेलाला हात लावू नका, हातानेही तो पसरू शकतो. कोरड्या गरम हवेत पानं ठिपकेदार फिकी पडून मागे बारीक जाळी दिसली तर लाल कोळी, पानांच्या मागच्या बाजूला पाणी मारा, पाणी पानांवर नको हा नियम तेवढ्यापुरता बाजूला.

११. पुढच्या वर्षीचं बी आणि जमिनीतला कंद

बी ठेवायचं तर सगळ्यात आधी फुललेला, निरोगी असा एकच वेल निवडा आणि त्याला दोरा बांधून खूण करा. शेवटी राहिलेल्या निबर शेंगांचं बी ठेवायची सवय असते, त्याने दर वर्षी उशिरा फुलणारा वेलच आपण पुढे नेतो. शेंग वेलावरच पूर्ण वाळू द्या, त्याला फुलापासून जवळपास दोन महिने लागतात. हलवली की खुळखुळली पाहिजे. सावलीत आठवडाभर सुकवून कोरड्या बरणीत, वर तारीख.

सावधान: पिकलेलं वाळलं बी कच्चं खाऊ नका, त्यात पचन अडवणारे घटक असतात. रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, पूर्ण मऊ होईपर्यंत शिजवलं तरच.

वेल सुकला म्हणून मुळासकट उपटू नका. खाली कंद असतात, आणि जमीन गोठत नसेल, पाणी साचत नसेल तर पुन्हा ऊब आली की त्याच कंदातून वेल फुटतो. वीतभर खोड ठेवून वरचं कापा, जाड आच्छादन टाका, पाणी अगदी कमी करा. कंदच काढायचे असतील तर आठवडाभर आधी पाणी बंद, लांबून खणत या, आणि पुढच्या हंगामात कंद मोठे हवे असतील तर एखाद्या वेलाची फुलं येतील तशी खुडत राहा. त्या वेलाच्या शेंगांची आशा सोडायची, दोन्ही एकाच वेलाकडून भरभरून मिळत नाही.